भोसरीतलं मायक्रो-ड्रिलिंग: ४ स्टार, एक वेळेपायी कापला

माझं काम कृत्रिम सिलियांचं. श्वासनलिकेत कफ वर ढकलणारे केस असतात ना, साधारण ७ मायक्रॉन लांब? त्यांची लांबीला शंभरपट मोठी नक्कल: ०.७ मिलिमीटर लांब, ०.१ जाड. द्रव खेळवायच्या चिपमधल्या बारीक वाटेत पंप मावत नाही, तिथे हे रबरी केस चुंबकाने हलवून द्रव सरकवायचा.

साच्याला ॲक्रिलिकमध्ये तेवढीच २०० भोकं हवी होती. तीन वर्कशॉपवाल्यांनी ड्रॉइंग बघूनच हात जोडले. एमआयडीसीतल्या या दोन मशिनींच्या गाळ्यात मात्र काकांनी विचारलं, "मॅडम, भोक आरपार चालेल का?"

चालेल काय, धावेल! बंद भोकाच्या तळाशी कीस अडकतो, हवा कोंडते. शिवाय रबर ओढताना मागे निर्वात होतो आणि केस मुळापाशी तुटतो. माझ्या आधीच्या साच्यात निम्मे असेच गेले होते. काकांनी १ मिलिमीटरची शीट मशिनवर वरून छिलून ०.७ वर आणली, आरपार भोकं पाडली, खाली दुसरी प्लेट स्क्रूने आवळली. मग मी पीडीएमएस (एक सिलिकॉन) रबर आणि लोखंडाची बारीक पूड समान वजनाने कालवून भरली, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढले, ६० अंशांवर चार तास ठेवलं. खालची प्लेट आधी काढून मग रबर सोलायचं. या वेळी ९ केस तुटले.

तक्रार आहेच. गुरुवारचा वायदा, प्लेट मिळाली पुढच्या मंगळवारी. पाषाणहून दोन खेपा फुकट, फोन नाही. मोडलेल्या दोन ड्रिलचे पैसेही न विचारता बिलात.

चाचणीला तापकीर गल्लीतली मोटर, तिच्यावर चुंबक. आधी केस नुसते पुढे-मागे हलवले. ग्लिसरिनमधला खाण्याचा रंग गेला तसा परत आला. इतक्या बारीक, चिकट जगात त्याच वाटेने परतलं की कमाई शून्य. भौतिकशास्त्रज्ञ पर्सेल यांनी १९७७ मध्ये हेच मांडलंय. मग चुंबक मोटरच्या बाजूला सरकवला. केस तिरका शंकू काढत फिरायला लागले आणि रंग एका दिशेने निघाला.

काकांना व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "मग भोकंच तिरकी पाडू का?"

रेट अजून विचारलेला नाही.