ग्विनेधमधली दुसरी घरं: जादा कर की परवानगी?
वेल्समधल्या ग्विनेध या परगण्यातल्या अॅबरसॉक गावची वेल्श भाषेची शाळा डिसेंबर 2021 मध्ये बंद झाली. पटावर दहा मुलंही नव्हती. गावात घरं भरपूर, पण बरीचशी ‘दुसरी घरं’, म्हणजे बाहेरच्या मालकांची, सुट्टीपुरती उघडणारी. त्यांना आवर घालायला कौन्सिलपुढे (स्थानिक प्रशासनापुढे) दोन उपाय आहेत.

जादा कर: एप्रिल 2023 पासून वेल्समधल्या कौन्सिलांना दुसऱ्या घराच्या घरपट्टीवर (कौन्सिल टॅक्सवर) 300 टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो, ग्विनेधने तेव्हा 150 टक्के लावला. पैसा लगेच हाती येतो. पण घर वर्षाला 182 दिवस भाड्याने गेलं (आणि 252 दिवस उपलब्ध असलं) की ते व्यवसायात मोडतं, अधिभार सुटतो.

परवानगी: 1 सप्टेंबर 2024 पासून राहतं घर सुट्टीचं करायला ग्विनेधने नियोजन परवानगी सक्तीची केली. प्रकरण कोर्टात गेलं. आधीच सुट्टीची झालेली घरं याने परत मिळत नाहीत. तरी आमचा कौल यालाच. श्रीमंत मालक कर भरून मोकळा होतो, तरुण जोडपं मात्र गावाबाहेरच राहतं.