बुबुळांची थरथर: स्नायूंची कोणती शस्त्रक्रिया, कुणासाठी?

निस्टॅग्मसमध्ये बुबुळं आपोआप, सतत हलत राहतात. ही हालचाल मेंदूतून येते आणि शस्त्रक्रिया होते डोळ्याबाहेरच्या स्नायूंवर. त्यामुळे थरथर कायमची थांबेल ही आशा कुणी लावली असेल, तर ती आधी सोडा.

जन्मजात निस्टॅग्मसमध्ये बहुतेकदा एखाद्या दिशेला पाहताना थरथर कमी होते. हा नल पॉइंट. तो डावीकडे असेल, तर मूल फळा वाचताना चेहरा उजवीकडे वळवतं आणि डावीकडच्या नजरेनं बघतं. ‘मान सरळ ठेव’ म्हणून दटावलं की अक्षरं पुसट होतात; कृपा करून दटावू नका. अशा मुलासाठी अँडरसन-केस्टेनबॉम पद्धत आहे, 1953 पासूनची. डोळे डावीकडे ओढणारे स्नायू सैल करतात, उजवीकडे ओढणारे आखडतात, म्हणजे नल पॉइंट समोर येतो. मान सरळ होते, हा मोठा आणि डोळ्यांना दिसणारा फायदा. मात्र वळण थोडं उरू शकतं, काही वर्षांनी परतूही शकतं. क्वचित दोन-दोन प्रतिमा दिसतात.

दुसरी पद्धत टेनोटॉमीची. दोन्ही डोळ्यांचे आडवे स्नायू सोडवून पुन्हा जिथल्या तिथे शिवतात. मान सरळच असेल, तर विचार हिचाच. डोळ्यांची ठेवण बदलत नाही, पण फायदाही बेताचाच: नजर एका जागी स्थिर राहण्याचा क्षण थोडा लांबतो, डोळे तपासायच्या तक्त्यावरची एखादी ओळ वाढली तर वाढली. भूल, टाके, संसर्गाची शक्यता दोन्हीकडे सारखीच.

माझं मत विचाराल तर, मान ठळक आणि कायम एकाच बाजूला वळत असेल तर पहिली शस्त्रक्रिया करण्याजोगी आहे. टेनोटॉमीची घाई नको. आधी नेमका चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरून बघा.

‘कायम एकाच बाजूला’ हे मात्र तपासून घ्या. काहींची थरथर दर काही मिनिटांनी दिशा बदलते आणि मानही बाजू बदलते. तिथे पहिली पद्धत चुकीची ठरते. मूल टीव्ही बघत असताना दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

मोठेपणी अचानक थरथर सुरू झाली, समोरचं जग हलताना दिसू लागलं, तर शस्त्रक्रियेची चर्चा नंतर. आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.