गालावरचे व्रण: 'द बुक्स ऑफ अर्थसी'चा एकत्रित खंड

मी कुमारवयीन वाचकांसाठी एक फॅन्टसी कादंबरी लिहिते आहे. नायिका पंधरा वर्षांची, तिला पाण्याशी बोलता येतं. पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा मी तो चौदा वर्षांच्या भाचीला वाचायला दिला, कारण ती या प्रकारची पुस्तकं अक्षरशः फडशा पाडल्यासारखी वाचते. चार दिवसांत तिनं तो परत आणून दिला. "मावशी, गोष्ट छान आहे गं. पण ही मुलगी मला खरी नाही वाटली. तिच्या हातून काही बिघडतच नाही."

त्या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडून बसले. दुसऱ्या खर्ड्याला हात लावण्याआधी अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांची अर्थसीची, म्हणजे बेटांच्या एका काल्पनिक जगाची मालिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचायची असं ठरवलं. पूर्वी मी ती तुटक तुटक, सुटी पुस्तकं मिळतील तशी वाचली होती. या वेळी २०१८ साली निघालेला, चार्ल्स वेस यांच्या चित्रांचा एकत्रित खंड घेतला. हे परीक्षण त्या खंडाचं. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी यात उघड होणार आहेत. ज्यांना काहीही माहीत नसताना वाचायचं आहे त्यांनी आधी पुस्तक वाचावं आणि मग इकडे यावं.

आधी वस्तूबद्दल. हजाराच्या आसपास पानं आहेत. पाच कादंबऱ्या, एक कथासंग्रह, शिवाय चार सुट्या कथा आणि एक व्याख्यान, असं सगळं एका बांधणीत. खंड जड आहे, फारच जड. झोपून वाचता येत नाही, मांडीवर ठेवला तर पाय अवघडतात. मी तो जवळजवळ सगळा टेबलाशी बसून वाचला. वरचं जॅकेट सारखं सरकतं म्हणून ते काढून कपाटात ठेवून दिलं. बांधणी मात्र चांगली आहे, मधलं पान उघडून ठेवलं तर पुस्तक उघडंच राहतं. लिहिता लिहिता परिच्छेद समोर ठेवणाऱ्याला याचं मोल कळेल.

चित्रांमागे एक गोष्ट आहे. गेड, म्हणजे मालिकेचा नायक, तांबूस तपकिरी रंगाचा आहे आणि त्याचा मित्र वेच काळा आहे. ले ग्विन यांनी हे १९६८ सालच्या पहिल्याच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. तरी कित्येक मुखपृष्ठांवर गेड गोरा होत राहिला, आणि २००४ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही तेच झालं. त्यावर त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. या खंडासाठी वेस यांनी काही वर्षं त्यांच्याशी बोलून, विचारून चित्रं केली. जानेवारी २०१८ मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी हे पुस्तक आलं. पुढच्या वर्षी त्याला ह्यूगो हा विज्ञानकथा-फॅन्टसीचा पुरस्कार मिळाला. मला स्वतःला रंगीत चित्रांपेक्षा प्रकरणांच्या सुरुवातीची काळी-पांढरी चित्रं जास्त आवडली. त्यांतली माणसं थकलेली दिसू शकतात.

आता मूळ मुद्दा.

१९६७ च्या सुमारास एका प्रकाशकानं ले ग्विन यांना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. तोवर गोष्टींतला जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा हे ठरलेलं होतं. त्यांना प्रश्न पडला, की हा म्हातारा पंधरा वर्षांचा होता तेव्हा कसा होता? ही विद्या तो कुठे शिकला? त्यातून गेड आला. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्यात जादू कशी चालते याची चौकशी नाही, माणूस कसा घडला याची आहे. आमच्यासारखे लिहिणारे आधी नकाशा काढतात, राजघराणी ठरवतात, मंत्रांचे नियम वहीत लिहून काढतात, आणि मग त्या नकाशात एक मुलगी नेऊन ठेवतात. मी नेमकं तेच केलं होतं.

पहिल्याच परिच्छेदात लेखिका सांगून टाकते की हा मुलगा पुढे महाजादूगार होणार आहे. म्हणजे तो जगेल का, जिंकेल का, ही उत्सुकता तिनं स्वतःहून सोडून दिली. मग उरतं ते एवढंच, की आज शेळ्या राखणारा, आईविना वाढलेला, तापट पोरगा तिथवर पोचतो कसा.

तो पोचतो एका चुकीवरून. रोक बेटावरच्या विद्यालयात जॅस्पर नावाचा मोठ्या घरचा मुलगा त्याला गोड बोलून टोचत राहतो. गेडला ते सहन होत नाही. एका रात्री ईर्ष्येपोटी तो मेलेल्या बाईच्या आत्म्याला बोलावतो, आणि त्या फटीतून एक सावली बाहेर येते. त्याचा चेहरा ती फाडते. त्याला वाचवताना वृद्ध मुख्य गुरूंचा प्राण जातो. गेड महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. उठतो तेव्हा गालावर व्रण आहेत, आणि पूर्वी ज्या विद्येचा त्याला माज होता तिचा आता त्याला भरवसा वाटत नाही. ते व्रण सगळ्या मालिकेत त्याच्याबरोबर राहतात. म्हातारपणीही ते तिथेच आहेत.

हे वाचताना मला माझ्या खर्ड्यातलं नेमकं उणं सापडलं. मी माझ्या नायिकेला दुःख दिलं होतं, चूक दिली नव्हती. तिची आई मी पुरात घालवली, तिचं गाव घालवलं. वाचकानं तिच्यासाठी हळहळावं याची सगळी तजवीज केली. पण ते सगळं बाहेरून येऊन तिच्यावर कोसळलं होतं, तिनं स्वतः काहीही केलेलं नव्हतं. गेडचं उलट आहे. त्याच्यामागे जे लागलं आहे ते त्यानंच आणलेलं आहे, आणि हे त्याला माहीत आहे.

जॅस्परबद्दल एक बारीक गोष्ट. एवढा मोठा वैरी, शेवटी पुन्हा भेटेल, मोठा सामना होईल, असं आपण धरून चालतो. तो परत येतच नाही. पुढे वेच बोलता बोलता एका वाक्यात सांगून जातो की जॅस्परला जादूगाराची काठी मिळालीच नाही, तो रोक सोडून गेला आणि एका सरदाराच्या पदरी राहिला. झालं. शाळेतले आपले शत्रू असेच तर असतात. एके काळी त्यांच्यामुळे रात्र रात्र झोप लागत नाही, आणि पुढे कुणीतरी सांगतं की तो अमुक ठिकाणी नोकरीला आहे म्हणे.

पहिल्या पुस्तकातला जो प्रसंग मी चार वेळा वाचला तो मात्र लढाईचा नाही. गेड शिकून बाहेर पडतो आणि छोट्या छोट्या बेटांच्या एका वसाहतीत कामाला लागतो. तिथे पेचव्हारी नावाचा होड्या बांधणारा त्याचा मित्र होतो. मोठेपणा नाही, आदराचं अंतर नाही. हा त्याला होडीबांधणी शिकवतो, तो याला मंत्राचं थोडंफार. मग पेचव्हारीचं लहान पोर आजारी पडतं. गेडला पाहताक्षणी कळतं की हे वाचणार नाही. विद्यालयात शिकवलेलं असतं की जखम बांधा, आजार बरा करा, पण जो निघाला आहे त्याला जाऊ द्या. गेडला हा नियम पाठ आहे. पण समोर आई आहे. त्या आईचा चेहरा बघून तो नियम मोडतो, पोराच्या जिवामागे अंधारात उतारावरून धावत सुटतो, आणि फार पुढे निघून जातो. जिवंत आणि मेलेल्यांच्या मधली दगडांची बुटकी भिंत ओलांडून परतताना पलीकडे सावली उभी असते. इकडे त्याचं शरीर मेल्यासारखं पडलेलं. त्याला जागं करतो तो ओटाक, त्यानं पाळलेला एक इवलासा प्राणी, नुसता चाटून चाटून.

या प्रसंगात गेड मोठा दिसत नाही. पोर वाचत नाही. मायेपोटी केलेली गोष्टसुद्धा अंगाशी येते. तरी मला तो इथे पहिल्यांदा जिवलग वाटला, कारण पहिली चूक त्यानं ईर्ष्येनं केली आणि ही दुसरी दयेनं, आणि दोन्हींच्या तळाशी एकच स्वभाव आहे: याला 'मला जमणार नाही' हे म्हणता येत नाही. पात्राचा गुण आणि दोष एकाच मुळातून यावेत हे मी कार्यशाळांमध्ये ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. कळलं ते पेचव्हारीच्या घरात.

दुसरं पुस्तक, १९७१ चं, माझं सर्वांत आवडतं. टेनार नावाच्या मुलीला पाच वर्षांची असताना घरातून नेतात, तिचं नाव काढून घेतात आणि तिला भुयारातल्या निनावी शक्तींची मुख्य पुजारीण करतात. गेड यात अर्ध्या वाटेवर येतो. तोवर आपण तिच्याबरोबर त्या अंधारात भिंत चाचपत वळणं मोजतो. आणि तिच्याबद्दल कणव वाटत असतानाच ती तीन कैद्यांना उपाशी, तहानलेलं ठेवून मारायची आज्ञा देते. नंतर तिला भयंकर स्वप्नं पडतात. आज्ञा मात्र तिचीच होती, आणि लेखिका ती पुसून टाकत नाही.

पुढे गेडबरोबर ती सुटते. इथे मी गोष्ट संपवली असती, मोकळ्या आकाशाखाली, वाऱ्यावर उडणारे केस वगैरे. ले ग्विन तसं करत नाहीत. सुटलेल्या टेनारला मोकळेपणा पेलवत नाही. ती हरवल्यासारखी होते, आणि ज्यानं तिला बाहेर काढलं त्याच्याच अंगावर सुरा घेऊन उभी राहते. तो नजर उचलून तिच्याकडे बघतो आणि ती थांबते. ज्या मुलीचं सगळं बालपण एका खोट्या कामात गेलं, तिला सुटकेबरोबर राग येणारच. माझ्या खर्ड्यात सुटका झालेली सगळी माणसं आनंदानं रडत होती.

तिसरं पुस्तक मला तुलनेनं कोरडं वाटलं. राजपुत्र अॅरेन फार नीटनेटका आहे. एकाच ठिकाणी तो जिवंत होतो, जेव्हा जखमी गेड होडीत पडलेला असतो आणि हा निराशेनं ग्रासून त्याच्यासाठी काहीच करत नाही, नुसता बसून राहतो.

यानंतर अठरा वर्षांची फट. १९९० साली चौथं पुस्तक आलं, आणि एकत्रित खंड घ्यायचं खरं कारण माझ्या लेखी हेच आहे. सुटी पुस्तकं वाचताना मध्ये वर्षं जातात, धक्का बोथट होतो. इथे पान उलटलं की टेनार मध्यमवयीन विधवा आहे, मुलं मोठी झालेली, शेत सांभाळते आहे, एका भाजलेल्या पोरीला तिनं पदरात घेतलं आहे. आणि गेडची विद्या संपली आहे. पूर्ण. राजाची माणसं त्याला न्यायला येतात तेव्हा जगातला सर्वांत मोठा जादूगार शरमेनं लपून बसतो, आणि मग डोंगरावर जाऊन शेळ्या राखतो. लहानपणी राखायचा तशाच. अनेकांना हे आवडलं नाही असं दिसतं. मला वाटतं, ज्या लेखिकेला आपल्या नायकाकडून त्याची ताकद काढून घेऊन उरलेल्या माणसाकडे बघता येतं, तिला तो पहिल्यापासून माणूसच दिसत होता. घरी परतलेला टेनारचा मुलगा आईनं सगळं उरकावं असं गृहीत धरून वावरतो, ती पानंही तशीच. ड्रॅगनच्या पुस्तकात इतकं ओळखीचं घर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

उणिवा आहेत. पहिल्या पुस्तकात बायकांची जादू दुबळी नाहीतर दुष्ट ही म्हणच आहे, विद्यालयात मुली नाहीत, आणि गेडला भुलवू पाहणारी सेरेट म्हणजे एक ठसा आहे, व्यक्ती नाही. खंडाच्या शेवटी जे व्याख्यान आहे ते ले ग्विन यांनी १९९२ साली ऑक्सफर्डला दिलं होतं, आणि त्यात त्या स्वतःच या गोष्टीचा हिशेब मांडतात. लिहिणाऱ्यांनी ते चुकवू नये. १९६४ मधल्या दोन सुरुवातीच्या कथाही वाचाव्यात. येव्हॉड नावाचा ड्रॅगन तिथे बऱ्यापैकी गमतीचा आहे, आणि चार वर्षांनी कादंबरीत तोच किती भारदस्त होऊन येतो ते पाहण्यासारखं आहे. पात्र लेखकाच्या मनात वाढत असतं, याचा हा पुरावाच.

निवेदन दुरून चालतं, संवाद कमी आहेत. आजच्या, 'मी'च्या तोंडून धावत्या वर्तमानकाळात सांगितलेल्या कुमार कादंबऱ्यांची सवय असलेल्या मुलांना सुरुवातीची पानं जड जातील. भाचीचंही तेच झालं, दोनदा तिनं पुस्तक मिटून ठेवलं. मुलांना द्यायचं असेल तर पहिलं पुस्तक सुटं द्या, ते बारीक आहे आणि दप्तरात मावतं. हा खंड मोठ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी.

दुसऱ्या खर्ड्यात माझी नायिका आता पाण्याला एक खोटी गोष्ट सांगते, मैत्रिणीवरच्या रागातून. पाणी विश्वास ठेवतं. हे प्रकरण मी सहा वेळा लिहिलं आहे आणि अजून जुळलेलं नाही. भाची दर रविवारी टेबलाशी बसून खंड वाचते, सध्या ती भुयारात आहे, कैद्यांच्या आज्ञेपाशी. काल तिनं मान वर करून विचारलं, "हिला नंतर माफ करतात का?" मी म्हटलं, "कोण करणार?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि पुन्हा पानात गेली.