पॅनेलचा फॅन: लेबलवरचा आकडा आणि फिल्टरमागची हवा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या वर्कशॉपमध्ये साडेसात किलोवॅटच्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) पॅनेलला १२० मिमीचा, २३० व्होल्टचा बॉल बेअरिंग फॅन फिल्टरसह बसवला, त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही उलटले आहेत. फॅनबद्दल मी समाधानी आहे. मात्र त्याचे श्रेय निवडीआधीच्या हिशेबाला आणि चाचणीला अधिक आहे.

ड्राइव्हमध्ये साधारण तीन टक्के शक्ती उष्णतेत जाते, म्हणजे सुमारे २२५ वॅट. पॉवर सप्लाय आणि कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) यांची उष्णता धरून आम्ही ३०० वॅट मानले. नाशिकचा मे महिना ४० अंशांचा आणि ड्राइव्हची मर्यादा ५०, त्यामुळे हाताशी फरक उरतो तो दहाच अंशांचा. लागणारी हवा काढताना उष्णतेच्या वॅटला समुद्रसपाटीला ३.१ ने गुणतात, पण सुमारे ६०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने ३.४ धरावे लागते. ३०० वॅटला त्याने गुणून दहा अंशांच्या फरकाने भागले की ताशी १०२ घनमीटर हवा लागते असे निघते.

फॅनच्या लेबलवर याहून बराच मोठा आकडा असतो, पण तो समोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, जाळी आणि आतले वायरिंग डक्ट आले की प्रवाह झपाट्याने घटतो, म्हणून विक्रेत्याकडून दाब-प्रवाहाचा आलेख (किती अडथळ्याला किती हवा जाते ते दाखवणारा) मागून घ्यावाच. शेजारी दुसरा फॅन लावला तरी अशा अडथळ्यापुढे हवा दुप्पट होत नाही.

आम्ही हवा बाहेर पडते त्या वरच्या जाळीशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारे यंत्र) धरून आधी स्वच्छ आणि मग धुळीने भरलेल्या फिल्टरवर वेग मोजला. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फॅनच्या तोंडाशी आणि दुसरे ड्राइव्ह खालून हवा ओढते तिथे लावून, पूर्ण लोडवर आकडे स्थिरावेपर्यंत मशीन चालवले. पाहायचा तो या दोहोंतला फरक, कारण नुसते आतले तापमान सकाळी दिलासा देते आणि दुपारी घाबरवते. मळलेल्या फिल्टरवरही हा फरक दहाच्या आत राहिला, तेव्हाच फॅन कायम केला.

फॅन खाली, हवा आत ढकलणारा बसवला आहे. त्यामुळे बेअरिंगला थंड हवा मिळते आणि पॅनेलमध्ये किंचित दाब राहून फटींतून धूळ शिरत नाही. फ्रेमवरचा हवेच्या दिशेचा बाण पाहूनच स्क्रू आवळावेत. निळ्या डायलचा, म्हणजे तापमान वाढल्यावरच फॅन सुरू करणारा थर्मोस्टॅट ३५ अंशांवर ठेवल्याने पावसाळ्यात दमट हवा विनाकारण आत ओढली गेली नाही.

बेअरिंगचा आवाज अजून बदललेला नाही. तक्रार आहे ती फिल्टरच्या झाकणाच्या प्लॅस्टिक खिटीची. उन्हाळ्यात दर आठवड्याला फिल्टर झटकावा लागतो, त्या उघडझापीत ती मोडली. बदली झाकण सुटे मिळत नाही, म्हणून घेतानाच एक जास्तीचे मागून घ्यावे.