मंक फ्रूट काही महिने वापरल्यावर: अख्खं फळ घ्या, पूड जपून

सिंगापूरला राहायला आल्यापासून चिनी औषधांच्या दुकानात लुओ हान गुओची, म्हणजेच मंक फ्रूटची, तपकिरी, चेंडूएवढी सुकी फळं दिसायची. पावसाळ्यात घरात सगळ्यांचे घसे बसले, तेव्हा ती आणली. आता ती घरात कायम असतात.

हा वेल मूळचा दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतातला, ग्वेलिनच्या आसपासच्या डोंगरांतला. कुळ काकडी-भोपळ्याचं. 1941 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा तर तो चक्क कारल्याच्या प्रजातीत मोडत होता! ताजं फळ लवकर खराब होतं, म्हणून ते भट्टीत सुकवतात. खोकला, घशाची जळजळ आणि बद्धकोष्ठ यांवर तिकडे ते पूर्वापार देतात.

घेताना फळ कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर ठेवून द्या. न वाजणारं, हाताला जड लागणारं घ्या. धुऊन अंगठ्याने दाबलं की साल फुटते. साल, गर, बिया सगळंच दीड-दोन लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायचं. आम्ही त्यात वाळलेली शेवंतीची फुलं टाकतो, इथे तशी पद्धतच आहे. काढा गडद होतो, किंचित धुरकट लागतो आणि त्याची गोडी ज्येष्ठमधासारखी जिभेवर रेंगाळते. बसलेल्या घशाला आराम पडतो, हा आमच्या घरचा अनुभव. खोकला लांबला तर डॉक्टरकडेच जावं. हल्ली कमी तापमानावर सुकवलेली सोनेरी फळंही मिळतात. त्यांना धुरकट वास नसतो, मुलांना तीच आवडतात. मला मात्र जुनी काळपटच हवीत.

साखरेऐवजी वापरायला पाकिटात मिळणाऱ्या मंक फ्रूटच्या पुडीबद्दल मत इतकं चांगलं नाही. फळातल्या मोग्रोसाइड या घटकांचा अर्क साखरेच्या दीडशे ते अडीचशे पट गोड, म्हणून पाकिटात तो चिमूटभरच असतो आणि बहुतेक वेळा एरिथ्रिटॉल हा साखरेला पर्याय म्हणून वापरला जाणारा दुसरा गोड पदार्थच भरलेला असतो. मागचा मजकूर वाचूनच घ्या. लिंबू सरबतात, दह्यात ती छान. दुधाच्या चहात मागाहून येणारी चव मला खटकते. लाडवांसाठी तर विचारच नको, तिचा पाक होत नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी एक महत्त्वाचं: शुद्ध अर्काने रक्तातली साखर वाढत नाही, पण अख्ख्या फळात नैसर्गिक साखरही असते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्यांना काढा अर्धा कपच, तोही पातळ करून देते.