एनएसआयएस की इनो सेटअप: प्लगइन कुठे सोपे?

एनएसआयएस आणि इनो सेटअप ही दोन्ही विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवण्याची साधने. एनएसआयएसमध्ये प्लगइन, म्हणजे जास्तीची कामे करणारी जोडणी, ही ठरावीक घडणीची डीएलएल (विंडोजमधली तयार फंक्शनांची फाइल) असते. फोल्डरमध्ये टाकली की प्लगइनचे नाव, दोन अपूर्णविराम (::), फंक्शनचे नाव, झाले काम. पण देवाणघेवाण मुख्यतः स्टॅकवरून (शेवटी ठेवलेले मूल्य आधी उचलले जाते अशी चळत), तीही मजकुराच्या रूपात. एखाद्या प्लगइनने एक मूल्य जास्त ठेवले, तर पुढच्या ओळी चुकीचे मूल्य उचलतात आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिवाय ३.० पासून आन्सी व युनिकोड (अक्षरे साठवण्याच्या जुन्या व नव्या पद्धती) प्लगइन वेगवेगळे.

इनो सेटअपमध्ये पास्कल स्क्रिप्टमधून (त्याच्या अंगभूत स्क्रिप्ट भाषेतून) साधी डीएलएल जोडता येते. मूल्यांचे प्रकार आधी जाहीर करावे लागतात, म्हणून चुका लवकर सापडतात. ६.१ पासून फाइल डाउनलोड करण्याची सोयही अंगभूत. नव्या कामासाठी मी इनोच निवडेन. एनएसआयएसने निदान प्रत्येक फंक्शनचे पॅरामीटर (त्याला द्यायची मूल्ये) जाहीर करण्याची सोय द्यावी, ही मनापासून मागणी.