वकिलांसाठीचा न्यायवैद्यक मानसोपचार वर्ग : फी वसूल, पण बाल न्यायाचा भाग अपुरा

सत्र न्यायालयात बचावाचं काम करणाऱ्यांनी, त्यातही विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या केसेस चालवणाऱ्यांनी, हा वर्ग जरूर करावा. सहा शनिवार, दर वेळी तीन तास, ऑनलाइन आणि मराठीतून. फी साडेतीन हजार. शिकवायला एक मानसोपचारतज्ज्ञ मॅडम आणि फौजदारी वकिली करणारे एक ज्येष्ठ सर. वर्ग खासगी आहे, त्यामुळे नाव इथे देत नाही.

मॅडमनी पहिल्याच दिवशी तीन प्रश्न वेगळे केले, आणि माझ्या मते अर्धी फी तिथेच वसूल झाली. घटनेच्या वेळी आरोपीची मनःस्थिती काय होती? आज खटला समजून घेऊन वकिलाला माहिती देण्याइतका तो भानावर आहे का? आणि पुढे त्याच्याकडून कुणाला धोका आहे का? पहिला प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, म्हणजे जुन्या दंडसंहितेतल्या ८४ चा. दुसरा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, ३६७ आणि ३६८ चा. त्यात जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत तपासणी होते. तिसरा जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी निघतो. आपल्याकडे मात्र ‘आरोपीवर मानसोपचार चालू आहेत’ एवढ्या एका ओळीवर तिन्ही ठिकाणी अर्ज टाकले जातात आणि तिन्ही फेटाळले जातात. त्यात खरोखर आजारी असलेला माणूस वर्षानुवर्षं कच्चा कैदी म्हणून आत राहतो. मला या विषयाची तळमळ आहे ती यामुळेच.

कलमाचा इतिहास सरांनी थोडक्यात पण छान सांगितला. १८४३ मध्ये लंडनला डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील समजून त्यांचे सचिव ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. मनोविकलतेमुळे तो निर्दोष सुटला, गदारोळ झाला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा बचावाबद्दल न्यायाधीशांकडून उत्तरं मागवली. १८६० च्या दंडसंहितेतल्या ८४ मागे तीच कसोटी आहे: कृत्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे समजण्याची क्षमता होती का? नुसतं आजाराचं निदान पुरत नाही. दाह्याभाई ठक्कर खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा निकाल त्यांनी परिच्छेदागणिक वाचून घेतला. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो शक्यतांच्या पारड्याइतकाच, म्हणजे ‘तसं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दाखवण्यापुरता; आणि पाहायचं ते घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि लगेच नंतरचं वागणं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते चौथ्या शनिवारी. एका काल्पनिक केसची फाइल दिली होती: स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण, कोयत्याने भावावर वार. फाइलमध्ये रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची नोंद आणि शेजारणीचा जबाब. शेवटची चिठ्ठी घटनेच्या पाच महिने आधीची, म्हणजे गोळ्या बंद पडल्या असाव्यात. पण शेजारीण सांगते, त्याने कोयता धुऊन गोठ्यामागे लपवला. सरकारी वकील याच वाक्यावर उभे राहणार! मग मॅडम साक्षीदार झाल्या आणि आम्ही उलटतपासणी घेतली. ‘घटनेआधी तुम्ही त्याला शेवटचं कधी तपासलंत?’ या एका प्रश्नात भल्याभल्यांचा अहवाल कोसळतो, हे प्रत्यक्ष पाहिलं.

त्याच दिवशी त्यांनी बजावलं की उपचार करणारा डॉक्टर आणि कोर्टासाठी तपासणारा डॉक्टर शक्यतो एक नसावा. पहिला रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवून चालतो. दुसऱ्याला घरचे, पोलीस, जुने कागद असं सगळं ताडून पाहावं लागतं, आणि ‘तू जे सांगशील ते न्यायालयात जाईल’ हे आरोपीला आधी सांगावं लागतं. सोंगाबद्दलही त्या फार नेमकं बोलल्या. सोंग घेणारा माणूस ‘आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात’ असं रंगवून सांगतो; खरा रुग्ण पुष्कळदा आजार लपवतो. विचारांची विस्कळीत मांडणी दिवसचे दिवस टिकवणं सोंगाड्याला जमत नाही, म्हणून वीस मिनिटांच्या भेटीपेक्षा वॉर्डमधलं निरीक्षण मोलाचं.

नार्को आणि ब्रेन मॅपिंग तासाभरात आटोपलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने २०१० मध्येच संमतीशिवाय या चाचण्या करणं घटनाबाह्य ठरवलं आहे, त्यामुळे तेवढं पुरेसं होतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ वर मात्र त्यांनी वेळ दिला, याचं मला बरं वाटलं. मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेला माणूस थेट घरी जातोच असं नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा किंवा अटींवर नातेवाइकांच्या ताब्यात देण्याचा आदेश होऊ शकतो. बचाव घेण्याआधी अशिलाच्या आईवडिलांना हे समजावून सांगायलाच हवं.

उणिवा दोन. जोखीम मोजण्याच्या पद्धती शिकवताना सगळी उदाहरणं कॅनडा-इंग्लंडची होती. येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात हे काम कसं चालतं ते ऐकायचं होतं. दुसरी उणीव मोठी. बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, याचं प्राथमिक मूल्यांकन होतं. त्यावर अख्खं आयुष्य ठरतं आणि त्याला इथे शेवटची वीस मिनिटं मिळाली. पुढच्या बॅचला त्यासाठी पूर्ण शनिवार ठेवावा, असं मी अभिप्रायात लिहून दिलं आहे. ज्युनिअर वकिलांना फीमध्ये निम्मी सवलत आहे. अर्जासोबत सनदेची प्रत जोडावी लागते.